बरणीच्या तळाचा गाळ

मातीचा तो बांध वहिनींच्या नवऱ्याने स्वतःच्या जमिनीत घातला होता. खालची दोनशे घरं त्याचंच पाणी पीत आणि नळ अर्धा तास उशिरा आला की वहिनींच्याच नावाने बोटं मोडत. माणसाची जातच तशी.

बांधाच्या राखणदाराला सगळे बरणीमामा म्हणत. पायथ्याशी झिरपणारं पाणी तो रोज सकाळी काचेच्या बरणीत भरायचा, खिडकीत ठेवायचा आणि तासाभराने तळ बघायचा. लोक हसत. वहिनीही हसत.

नवरा गेला तेव्हा वहिनींनी त्याच्या आठवणीसाठी बांधाच्या माथ्यावर रोप लावलं. मामाने ते उपटलं.

"माझ्या माणसाची आठवण उपटलीत? चालते व्हा!"

"वहिनी, मुळं बांध पोखरतात."

"अक्कल शिकवू नका!"

मामा गेला. त्याच्याशिवाय काही अडत नाही हे दाखवायला वहिनी स्वतःच बरणी भरू लागल्या. आठ दिवस पाणी नितळ. नवव्या दिवशी तळाला नखाएवढा गाळ. पाण्याबरोबर माती बाहेर येते म्हणजे बांध आतून पोकळ होतोय. मामाने हे हजारदा सांगितलं होतं, वहिनींनी हजारदा या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं.

त्या धावतच मामाच्या घरी गेल्या. दारात डब्यात तेच रोप, नवी पालवी फुटलेलं.

"मामा, गाळ..."

"रंग?"

"पिवळा."

"बांधाचीच माती. चला." मामाने चपला पायात सरकवल्यासुद्धा.

त्याने झडप उघडून बांधातलं पाणी उतरवलं. पाझरावर आधी वाळू, वर खडी पसरायची, म्हणजे पाणी जातं, माती अडते. नळ कोरडे पडले तशी खालची माणसं तावातावाने वर आली.

"भांडायला आलात ना?" वहिनी म्हणाल्या. "मग रिकामे हात कशाला? वाळूच्या पाट्या उचला!"

उचलल्या मुकाट्याने.

संध्याकाळी बरणी पुन्हा भरली. तासभर सगळे तिच्याभोवती बसून राहिले. तळ स्वच्छ राहिला.

वहिनींचे डोळे भरून आले. "मामा, ते झाड तुमच्याच दारात लावा. मी येत जाईन सावलीला." त्यांनी हात जोडले.

"हात कसले जोडताय? बरणी धुऊन ठेवा," मामा म्हणाला. "सकाळी लागेल."

वहिनींनी ती पदराने पुसून पुसून लख्ख केली.