हसरीचं दुसरं कडवं

“छान होतं, ताई. अजून एकदा.”

हेडफोनमधून रेकॉर्डिस्टचा आवाज आला तशी हसरीनं डोळे मिटून घेतले. सकाळपासून हेच चाललं होतं. छान होतं तर अजून एकदा कशाला, असं विचारण्यात अर्थ नव्हता, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. भिंतींना फोम लावलेल्या त्या कोंदट खोलीत माइकसमोर उभी राहून ती हसत होती, आणि जे बाहेर पडत होतं त्याला हसणं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. एकदा ते खोकल्यासारखं आलं. एकदा, नको असलेले पाहुणे दारात दिसल्यावर हसतात तसं. मघाशी तर चक्क रडण्याच्या बाजूला कललं.

हसरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वीस वर्षांपूर्वी तीन मुलींचा एक ग्रुप निघाला होता. त्यांचं एक गाणं असं काही गाजलं की कापडाच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत कुठेही जा, तेच वाजत असायचं. त्या गाण्यात शेवटच्या धृपदाआधी सगळी वाद्यं थांबतात आणि त्या शांततेत एक मुलगी हसते. चार छोटे झटके, त्यातला तिसरा सगळ्यात वर जाणारा, चौथा श्वासात विरून जाणारा. ती मुलगी ही. तिन्ही कडवी मोठीनं गायली होती. मोठी म्हणजे वयानं काही महिन्यांनीच मोठी, पण तोरा थोरल्या बहिणीचा. धाकटी नाचायला वस्ताद. हिच्या वाट्याला मागचे ‘ऊ’ आणि ‘आ’ आले, आणि ते हसू. पुढे लोक कडव्यांचे शब्द विसरले. हसू विसरले नाहीत.

आणि ते हसू मुळात चूक होती. शांततेच्या त्या जागी हिनं गप्प राहायचं होतं. ही मात्रा मोजण्यात चुकली आणि एकटीच ‘ऊ’ करत आत शिरली. लाजेनं तिला हसू फुटलं, इतकंच. ज्यांनी ग्रुप जमवला ते काका खुर्चीवरून उडालेच. “हे ठेवायचं! ‘ऊ’ काढा, हसू ठेवा!” पुढे मुलाखतींमध्ये तिनं ही हकीकत खरीखरी सांगून पाहिली, पण ती कोणालाच आवडली नाही. मग काका सांगू लागले की मी एक विनोद सांगितला होता. कुठला विनोद, असं विचारलं की म्हणायचे, “बायकांसमोर सांगण्यासारखा नाही.” बायकांसमोर सांगण्यासारखा नव्हता तर ही हसली कशी, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून ते हसू हात धुऊन तिच्या मागे लागलं. ग्रुप फुटला. धाकटी लग्न करून लांब निघून गेली. हिनं एका बाईंकडे नव्यानं गाणं शिकायला सुरुवात केली, पहाटे उठून रियाज केला, स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्याच्या परीक्षणात छापून आलं की आवाज चांगला आहे, पण ते हसू कुठे आहे? टूथपेस्टची जाहिरात मिळाली, तिथे हसायचं होतं. कार्टूनमधल्या खारीला आवाज दिला, तर ती खार बोलायचीच नाही, नुसती हसायची. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक झाली, तर कोणाचा सूर लागला नाही हे सांगायचं काम शेजारच्या परीक्षकाकडे, आणि सूत्रसंचालकाच्या विनोदांना हसायचं काम हिच्याकडे. दातांच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात नळी घालून ठेवलेली असताना म्हटलं, “हे झालं की एकदा हसून दाखवा हं, मिसेसना फोनवर ऐकवतो.” आत्या गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या एका बाईंनी डोळे पुसतापुसता तिचा हात धरला आणि म्हटलं, “वेळ नाही खरं तर ही, पण...” घरीही सुटका नव्हती. नवे शेजारी आले की आई म्हणायची, “अगं, हस की जरा. तुझं काय जातं?”

काय जातं ते तिला नीट सांगता यायचं नाही. पण जायचं हे खरं.

म्हणूनच काकांचा फोन आला तेव्हा तिनं अट घातली. जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क जुन्या कंपनीकडे होते, आणि काकांना तेच गाणं तिघींकडून नव्यानं, जसंच्या तसं गाऊन घ्यायचं होतं. धाकटी तिकडून आपला भाग पाठवणार होती. जुनं हसू उचलून चिकटवायची सोय नव्हती, तेही कंपनीचंच. नवं हवं होतं.

“हसते,” हसरी म्हणाली होती, “पण दुसरं कडवं मी गाणार.”

पहिल्या कडव्यात गाण्यातली मुलगी फुशारकी मारते की मला कोणाची गरज नाही, तिसऱ्यातही तेच. मधल्या कडव्यात मात्र तिच्या तोंडून निघून जातं की तिनं फोन केला होता आणि तो कोणी उचलला नाही. मोठीनं तेही बाकीच्या कडव्यांसारखंच दणक्यात गायलं होतं. ते तसं नाही, हे हसरीला इतकी वर्षं डाचत होतं. ते कसं आहे, हे तिनं भांडी घासताना, कपडे वाळत घालताना गाऊन गाऊन पक्कं केलं होतं. ऐकायला फक्त नळ असायचा.

“बरं बाई, घे,” काका म्हणाले होते. “आधी हसून घे, मग कडवं.”

आता दुपार कलली होती, संध्याकाळी स्टुडिओ दुसऱ्या कोणाला दिलेला होता, आणि हसू काही होत नव्हतं. हसरी हेडफोन काढून बाहेर आली. काका सोफ्यावर रेलले होते. मोठी पाय वर घेऊन चहाबरोबर बिस्किटं खात होती. दोन पडद्यांसमोर बसलेली रेकॉर्डिस्ट, एक सडपातळ, गंभीर मुलगी, नखं कुरतडत होती.

“काका, कडवं आधी घेऊ या. घसा मोकळा झाला की हसू येईल.”

“घसा कडव्यानं नाही मोकळा होत, हसण्यानं होतो.”

“कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?”

“तू आत जा बघू. मी विनोद सांगतो.”

“तो जुनाच सांगा. मी अजून ऐकलेला नाही.”

मोठीला चहाचा ठसका लागला.

“ताई, हे बघा ना,” रेकॉर्डिस्टनं पडद्याकडे बोट केलं. एकाखाली एक दोन आलेख होते, वरचा जुन्या हसण्याचा, खालचा आजचा. “जुन्यात तिसरा झटका असा वर जातो, डोंगरासारखा. आज तिथे सपाट येतंय.”

“चाळिशी आली, बाई. डोंगरही झिजतात.”

“असं करू या का? गाणं मागून लावते, त्याच्या ओघात हसा. कदाचित आपोआप येईल.”

तिनं पडद्यावर मागे कुठेतरी जाऊन गाणं सुरू केलं. स्पीकरमधून दुसरं कडवं दणदणत बाहेर आलं. आवाज मोठीचा. जुना नव्हे, आताचा, जरा जाड झालेला. फोन केला होता, तो कोणी उचलला नाही, हे ती एखादी शर्यत जिंकल्यासारखं सांगत होती.

रेकॉर्डिस्टच्या लक्षात आलं तोवर चार ओळी वाजून गेल्या होत्या. तिनं गाणं थांबवलं.

“हे काय आहे?” हसरी म्हणाली.

“दुसरं कडवं. म्हणजे... मागच्या आठवड्यात घेऊन ठेवलं ना, सेफ्टीसाठी.”

हसरी काकांकडे वळली. काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. “अगं, जागा रिकामी कशी ठेवायची? तुझं घेतलं की हे काढायचं.”

“आणि संध्याकाळपर्यंत माझं घेतलंच गेलं नाही, तर?”

काका चष्मा पुसत राहिले.

“आणि तू गं? तुला माहीत होतं ना ते माझं कडवं आहे?”

“काका म्हणाले गाऊन ठेव, मी ठेवलं,” मोठी म्हणाली. “दोन मिनिटांचं काम.”

“दोन मिनिटांचं! त्या दोन मिनिटांसाठी मी सकाळपासून आत माकडासारखी हसतेय!”

“माकडासारखी नाही,” रेकॉर्डिस्ट पुटपुटली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मोठीनं कप खाली ठेवला. “हे बघ, मला नको ऐकवूस. तीन कडवी गायले मी त्या गाण्यात. तीन! एक तरी माणूस विचारतो का मला? भेटला की पहिला प्रश्न, ती हसायची ती कशी आहे हो? माझ्या सासूबाई लोकांना काय सांगतात माहितीये? आमची सून त्या हसणाऱ्या मुलीबरोबर होती. बरोबर होती म्हणे! जशी काही मी तुझी पर्स धरून उभी होते. एवढं ओझं झालं होतं ना त्या हसण्याचं, तर द्यायचंस मला.”

“घे की मग! येतं का तुला?”

“येतं.”

“काय येतं?”

“तुझं हसू येतं.” मोठीचा आवाज एकदम खाली आला. “तो लांबचा दौरा आठव. तुझा घसा बसला होता, तू हॉटेलवर झोपून होतीस. कार्यक्रम झाला ना? हसू झालं ना?”

“टेप लावली होती. काकाच म्हणाले.”

“कसली टेप! मी हसले. प्रेक्षकांकडे पाठ करून. लोकांनी शिट्ट्या मारल्या.”

हसरीनं काकांकडे पाहिलं. काकांनी नुकताच घातलेला चष्मा पुन्हा काढला.

“जा,” हसरी म्हणाली. “जाऊन हस.”

मोठी उठून आत गेली, हेडफोन चढवले आणि हसली. चार झटके, तिसरा सरळ वर, चौथा विरत गेला. रेकॉर्डिस्टनं पडद्याकडे बोट केलं. सपाट जागी डोंगर उभा राहिला होता.

हे हसू कोणीतरी घेऊन जावं, असं हसरीनं आजवर किती वेळा म्हटलं असेल. आता कोणीतरी ते घेऊन गेलं होतं, एका फटक्यात, बिस्किटाचे कण ओठांवर असताना. एवढं सोपं होतं? ज्याच्यावर निम्मं आयुष्य चिडण्यात घालवलं, ते निदान आपलं एकटीचं तरी असायला हवं होतं. आपल्याला असं वाटतंय याचाच तिला सगळ्यात जास्त वैताग आला.

“अगं पण लोकांना काय सांगायचं?” काका हवालदिल झाले होते. “ती तुझी ओळख आहे!”

“तुमचा तो विनोद सांगा,” ती म्हणाली आणि बाहेर येणाऱ्या मोठीच्या बाजूनं आत शिरली. “कडवं लाव गं.”

कडवं सुरू झालं. तिनं ते घरी गायची तसंच गायलं, आवाज न चढवता, दुसऱ्याच कोणाचीतरी गोष्ट सांगितल्यासारखं. फोनच्या ओळीला तिनं जोर दिला नाही, तो शब्द नुसता ठेवून दिला. संगीत पुढे गेलं आणि थांबलं.

मग काचेपलीकडे काकांनी बोलायचं बटण दाबलं. “छान. फार छान गं. आता एकदा जरा हसत गा.”

“काय?”

“चेहऱ्यावर हसू ठेव, ते आवाजात उतरतं. लोकांना कळायला नको का, हसरी गातेय?”

“काका, तिचा फोन कोणी उचलला नाहीये. ती कशाला हसेल?”

“बरं, हे ठेवू. पण सेफ्टीसाठी एक हसत देऊन ठेव.”

सेफ्टीसाठी दिलेलंच शेवटी गाण्यात जातं, हे कळायला आता तिला कोणाच्या सांगण्याची गरज नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

“अगं, एकच...”

“नाही, काका. हे लावा, नाहीतर मोठीचं लावा. हसत मी गाणार नाही.”

मोठीचं लावा, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि काका तेवढंच नेमकं ऐकणारे होते.

बटण बंद झालं. काचेपलीकडचं आता नुसतं दिसत होतं. काकांचे हात वर गेले. मोठीचे कमरेवर गेले. काका घड्याळाकडे बोट करत होते, मोठी हसरीकडे, आणि रेकॉर्डिस्ट मधे बसून एकदा याच्या तर एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती. मग मोठी पुढे झाली, पडद्यावर एका जागी बोट टेकवलं आणि काहीतरी एकच शब्द बोलली. रेकॉर्डिस्टनं काकांकडे पाहिलं. मोठीनं तो शब्द पुन्हा उच्चारला. रेकॉर्डिस्टनं माउस दाबला. काका सोफ्यावर बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच.

हेडफोनमध्ये खरखर झाली. “ताई, मोठ्या ताईंनी त्यांचं दुसरं कडवं पुसायला लावलं. आता तुमचंच आहे.”

मागून मोठी ओरडली, “आणि हसण्यापुढे माझं नाव छापायचं, सांगून ठेवते!”

“हसण्यापुढे नाव कोण छापतं?” काका कळवळून म्हणत होते.

हसरीनं माइकचा दांडा धरला. “झालं मग?”

“नाही ना,” रेकॉर्डिस्ट म्हणाली. “दुसऱ्या ओळीआधी श्वास फार मोठा ऐकू येतोय. आणि शेवटी सूर जरा खाली गेलाय. तेवढं पुन्हा घ्यावं लागेल.”

“तो गेला नाही. मी मुद्दाम खाली सोडलाय.”

“मुद्दाम सोडल्यासारखा वाटत नाही, ताई. निसटल्यासारखा वाटतो.”

हसरीनं भांडायला तोंड उघडलं. तिच्या सुरात खोट काढायची तसदी आजवर शिकवणाऱ्या बाईंखेरीज कोणी घेतली नव्हती, आणि या कालच्या पोरीनं ती बेधडक काढली होती. तिनं ओळ मनातल्या मनात गाऊन पाहिली. मग पुन्हा एकदा. पोरगी बरोबर होती. आता हाही वैताग.

“थांब, पाणी पिते,” ती म्हणाली. “मग दुसऱ्या ओळीपासून लाव. आणि त्या दोघांना बाहेर जाऊन भांडायला सांग.”