जित्या लेकीचा दहावा

मोटारसायकल नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायची. किल्ली खिशात नाही, हातात.

टाकव्याच्या वेशीवर फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोतल्या बाईने हसू दाबलेलं.

पिंडाला कावळा लगेच शिवला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पक्षकाराच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पक्षकाराला गाडीवर घ्यायचं नाही.

मांडवाबाहेर चपलांचा ढीग.

तळेगावात एका कंपनीच्या कँटीनमध्ये रंजना पहिल्या पाळीची कणीक मळत होती.

*

विकास कोर्टाचा बेलिफ. समन्स, नोटिसा घरोघर न्यायच्या, हातात द्यायच्या, सही किंवा अंगठा घ्यायचा, एवढंच काम. पण कागद आणणाऱ्यालाच लोक कागद धाडणारा समजतात. भाजे गावाच्या वरच्या वाडीतल्या या माणसावर आजवर कुत्री सोडून झाली होती, एकदा उकळता चहाही अंगावर आला होता. धड घरी परतायचे नियम त्याला निवृत्त बेलिफ हौशीरामभाऊंनी शिकवले होते. "हातात दे, सही घे, निघ. मागं वळून बघू नको. बघितलं की मानूस थांबतो, आन थांबला की मार खातो."

आजचं समन्स वाटपाच्या दाव्याचं. बापाच्या जमिनीत वाटा मागितलेली रंजना. प्रतिवादी दोन: तिचा थोरला भाऊ अंबाजी आणि आई बयाबाई. लेकीने हक्कसोडपत्रावर सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि त्या सहीच्या जोरावर दिवाळीला माहेरी यायचं, असा रिवाज. विधवा झालेल्या रंजनाने सही केली नाही. गेल्याच आठवड्यात ती कोर्टाच्या व्हरांड्यात विकासला भेटली होती. "आईला जरा हळू सांगा," एवढंच म्हणाली.

आता वेशीवरच्या फ्लेक्सवर तीच होती.

*

"बहीण वारली की आमची," अंबाजी म्हणाला. डोकं ताजं भादरलेलं, कपाळाला गंध. "फ्लेक्स न्हाई वाचला का, भाऊसाहेब? वाडीवर शाळा व्हती ना तुमच्या?"

मांडवात हसू फिरलं. सगळ्यांना पाणी स्टीलच्या पेल्यात आलं, विकाससमोर कागदी कप आला. त्याने तो उचलला नाही.

"मी त्यांना मागच्या आठवड्यात पाहिलंय."

"मंग भूत बघितलं तुमी. जपून ऱ्हावा." अंबाजी वाढप्याकडे वळला. "बुंदी हिकडं आण रं. आन भाऊसाहेब, कागदावर एवढंच लिवा, वादी मयत. मेलेल्याचा दावा चालत न्हाई. लिवा आन जेवून जावा."

अंबाजीचा मुलगा पप्पू विकासच्या मोटारसायकलवर जाऊन बसला होता. "काका, ब्रेक लागत्यात का हिचे? उताराला लय मानसं जात्यात."

मांडवात रंजनाचा मामा होता. तिच्या बरोबरीच्या माहेरवाशिणी होत्या. ती जिवंत आहे हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एका बाईशी तर ती आदल्या दिवशी फोनवर बोलली होती. तरी सगळे हात धुऊन बसले. कार्याला नाही म्हणता येत नाही.

विकासने समन्स पुढे केलं, अंबाजीने हात लावला नाही. विकासने लिहिलं: प्रतिवादी क्रमांक एक यांनी समन्स घेण्यास नकार दिला. मग दुसरा कागद काढून त्याने नाव पुकारलं.

"बयाबाई."

"तिला ऐकू येत न्हाई," अंबाजी म्हणाला.

हार घातलेल्या फोटोशेजारी बसवलेली म्हातारी उठली. रडायला बसवलं होतं तिला, पण डोळे कोरडे होते.

"माज्या लेकीनं धाडलंय?"

"व्हय, मावशी."

"कशी दिसती रं?"

"बरी आहे. हिरवी साडी होती अंगावर."

"हिरवी," म्हातारीने मांडवाला सांगितलं. "आयकलं का रं? हिरवी नेसती माजी पोर." तिने अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली, आणि वळून फोटोवरचा हार काढून ठेवला.

वाढप्याचा झारा थांबला.

"आये, बस खाली," अंबाजी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "न्हाईतर ह्याच मांडवात तुजंबी उरकू. आचारी हायेच."

बयाबाईंनी विकासची बाही धरली. "बाबा, मला तळेगावला सोड. तुज्या मागं बसती मी. गप बसती."

पप्पू गाडीवरून उतरला. आणखी दोघे त्याच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"मावशी, मला पक्षकाराला नेता येत न्हाई. नियम हाय."

तिने बाही लगेच सोडली. आयुष्यभर तिला नियम सांगणारेच पुरुष भेटले होते. हा जरा हळू बोलला, इतकंच.

विकास निघाला. मागे वळून पाहिलं नाही. कान्हे फाट्यावर त्याला खिशातला फोन आठवला. पोलिसांना कळवता आलं असतं. त्याने फोन बाहेर काढला नाही.

"मार न्हाई ना खाल्लास?" संध्याकाळी हौशीरामभाऊंनी विचारलं. "मंग झालं."

*

पुढच्या तारखेला अंबाजी पुन्हा भादरलेल्या डोक्याने कोर्टात आला.

"आई वारली, साहेब. जेवान सोडलं व्हतं तिनं."

गोठ्यालगतच्या म्हातारीच्या खोलीला बाहेरून कडी होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोर्टात कुणी सांगितलं नाही.

"बहिणीला कळवलं होतं?" रंजनाच्या वकिलांनी विचारलं.

"मेलेल्या मानसाला मैतीचा निरोप कसा धाडायचा, साहेब?"

पुढची तारीख पडली.

व्हरांड्यात रंजनाने विकासला गाठलं. तीच हिरवी साडी.

"माझ्या दहाव्याला लोक होते?"

"मांडव भरून."

"जेवले सगळे?"

"व्हय."

"तुम्ही तिला पाहिलंत. काय म्हणाली?"

"तुम्ही कशा दिसता ते विचारलं. साडीचा रंग मी सांगितला, तो त्यांनी सगळ्यांना सांगितला. तुमच्या फोटोवरचा हार काढला. कोर्टात बोलावलं तर हे सगळं सांगेन मी. पंगतीत कोण कोण होतं, तेही."

"आणखी काही म्हणाली?"

विकासने हातातले कागद सारखे केले.

"नाही," तो म्हणाला.

दहाव्याच्या मांडवात सगळे अनवाणी बसले होते. विकासने नाव पुकारलं आणि बयाबाई उठल्या, तेव्हा त्यांच्या पायात चपला होत्या.