शेवटच्या दोन कोऱ्या परीक्षा

मी एक जुना सराव परीक्षांचा संच आहे. मित्रांनो, माझ्या वयाची पुस्तके आपली कहाणी सांगताना सहसा सुस्कारे सोडतात. मी सोडणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला हे तुम्ही ऐकून घ्यावे एवढ्यासाठीच मी बोलतो आहे.

एखादे मोठे काम हाती घेऊन ते ठरल्या वेळेत, माणसांना सांभाळून कसे तडीस न्यायचे, याची एक परीक्षा असते. तिला प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा म्हणतात. तिची तयारी करून घेण्यासाठी माझा जन्म झाला. माझ्यात सहा सराव परीक्षा आहेत. मला तयार करणारी माणसे एकेका प्रश्नावर भांडली होती. चारांपैकी तीन उत्तरे चुकीची हवीत, पण तिन्ही खरी वाटली पाहिजेत, हे काही गमतीचे काम नाही. मग छापखान्यात माझ्या कडा कापल्या गेल्या, पाठीला गरम सरस लागला आणि मी दुकानाच्या फळीवर ताठ उभा राहिलो.

तिथून मला उचलले ते लिफ्टताईने. इमारतींमध्ये लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत ती काम करायची, म्हणून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. त्या वेळी एका रुग्णालयात स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट बसवायचे काम चालू होते. दरवाजे अरुंद आले, की फोन तिला. गवंडी आणि वायरमन यांची जुंपली, की मध्ये ती. पण कामाच्या फलकावर व्यवस्थापक म्हणून नाव दुसऱ्याचेच असे. असे दोन व्यवस्थापक आले आणि तिच्याकडूनच काम शिकून वरच्या पदावर गेले. आपले नाव का नाही, असे तिने विचारले तेव्हा कंपनीचे साहेब गोड हसून म्हणाले, "तुम्ही सगळं सांभाळताच हो! पण पदावर नाव लावायचं तर प्रमाणपत्र लागतं. ते आणा, मग बघू."

"मग बघू" हे शब्द तिने घरी येऊन दातओठ खात सासूबाईंना ऐकवले, आणि दुसऱ्याच दिवशी मला विकत घेतले.

ती रोज पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उघडून बसे. उत्तरे माझ्यावर कधीच लिहीत नसे, वेगळ्या कागदावर लिहीत असे. पहिल्या परीक्षेत तिची पार दाणादाण उडाली. 'पुरवठादाराने माल उशिरा पाठवला. व्यवस्थापकाने सर्वप्रथम काय करावे?' असे मी विचारले, की ती मनातल्या मनात त्या पुरवठादाराला फैलावर घेई. मला मात्र हवे असे, की आधी कामावर काय परिणाम होतो ते तपासावे, मग बोलावे. माझ्या एवढ्या पानांत एकाही प्रश्नाचे उत्तर 'चिडा' असे नाही. ती चुकत गेली, का चुकले ते शोधत गेली, आणि चौथ्या परीक्षेपर्यंत तिचे गुण चांगलेच वर आले. त्या दिवशी तिने माझ्या मुखपृष्ठावर थाप मारली. तेवढे कौतुक मला पुरेसे होते.

शेवटच्या दोन परीक्षा तिने राखून ठेवल्या होत्या. मित्रांनो, सराव परीक्षेची सगळी ताकद प्रश्न अनोळखी असण्यात असते. एकदा उत्तर दिसले, की पुढच्या वेळी तुम्ही डोके चालवत नाही, नुसते आठवता. म्हणून तिने त्या पानांभोवती जाड कागदाची पट्टी गुंडाळून ती चिकटवून टाकली होती. खऱ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती फोडायची असे ठरले होते.

आणि मग तिचा मोठा भाऊ आला.

दादा हसतमुख माणूस. दारात पाऊल टाकले की घर हसायला लागते. आणि जाताना त्याच्या हातात या घरातले काहीतरी असतेच. या वेळी मी होतो. "मलाही द्यायचीय गं ही परीक्षा. बघून आणून देतो," तो म्हणाला.

लिफ्टताईने पट्टीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "ने. पहिल्या चार कर. पट्टीच्या आतलं मात्र उघडू नकोस हं, दादा. ते माझं आहे."

"अगं हो गं!"

त्याच्या घरी मी सोफ्यावर पालथा पडून राहिलो. माझी पाठ तडकली. पहिल्या चार परीक्षा त्याने चाळल्यासुद्धा नाहीत. टीव्हीवर काही बरे नव्हते, तेव्हा त्याने मला उचलले, ती पट्टी दिसली आणि त्याने ती बोटाने टरकन फाडली. मग हाताला लागलेल्या पेनाने, निळ्या शाईने, माझ्या अंगावर उत्तरांना गोल करत सुटला. अर्धे गोल चुकीचे होते. कंटाळा आला तेव्हा चहाचा कप माझ्यावर ठेवला. मला ओरडता येत असते, तर त्या दिवशी शेजारीपाजारी गोळा झाले असते.

मी परत आलो तेव्हा लिफ्टताईने मला उघडले आणि पाने उलटायची थांबली. दादा समोरच बसला होता.

"हे काय केलंस?"

"काय? अगं, उत्तरं लिहूनच ठेवली की! तुला सोपंच झालं."

"तुझी परीक्षा कधी आहे?" तिने अगदी हळू विचारले.

"छे, मी कुठे देतोय! सहज बघितलं, जमतंय का ते."

"सहज," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "दादा, तुझं हे 'सहज' नेहमी मी राखून ठेवलेल्या वस्तूवरच का येतं रे? पट्टी दिसली नाही तुला? मी सांगितलं होतं ते कानात शिरलं नाही? पहाटे उठून मी काय टाइमपास करत होते?"

"एवढं काय त्यात? पुस्तकच तर आहे. नवीन घेऊन देतो."

तिच्या नवऱ्याने मध्ये तोंड घातले. "जाऊ दे ना, दादाच आहे."

"जाऊ दे कशाला?" कोपऱ्यातून सासूबाई कडाडल्या. "माझं काही फाडलंन असतं, तर तू जाऊ दे म्हणाला असतास? बस गप."

दादा उठून गेला. नवीन संच त्याला मिळाला नाही. माझी आवृत्ती दुकानांतून संपली होती आणि पुढची यायला अजून अवकाश होता. "मिळालं नाही बुवा," एवढा एक फोन आला. झाले, त्याचे कर्तव्य संपले.

लिफ्टताईने पाचवी परीक्षा तरीही सोडवून पाहिली. पण नजर शाईकडेच ओढली जाते हो! दादाने जिथे चुकीचा गोल केला होता, तिथे तीही चुकली. तिने पेन्सिल भिंतीवर फेकली आणि टेबलावर डोके टेकले.

सासूबाईंनी मला तिच्या हाताखालून ओढून घेतले. त्या जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. "तू बघूच नकोस," त्या म्हणाल्या. "मी वाचते. गोल मला दिसू देत, माझी कुठे परीक्षा आहे!" मग त्यांनी चष्मा पुसला आणि सपाट, स्वच्छ आवाजात प्रश्न वाचायला सुरुवात केली. कुठल्याच पर्यायावर त्या जोर देत नसत. मध्येच मात्र पुस्तक खाली करून म्हणत, "हा कंत्राटदार अगदीच नालायक दिसतो. याला काढून का टाकत नाहीत?"

"आई, तसं उत्तर नसतं."

"नसेल. पण काढायलाच हवा."

त्यावर लिफ्टताई हसली, बऱ्याच दिवसांनी. अशी सहावी परीक्षा पार पडली. गुण बेताचेच आले. तेवढ्यावरच तिला परीक्षेला जावे लागले, आणि ते कुणामुळे हे मला ठाऊक होते.

परीक्षेच्या खोलीत पुस्तकांना प्रवेश नसतो. मी बाहेरच्या कपाटात, तिच्या पिशवीत होतो. बऱ्याच वेळाने कपाट उघडले आणि तिचा हात माझ्यावर पडला. तिने फोन लावला. "आई, झाले पास."

साहेबांना मग "बघू" म्हणायला जागा उरली नाही. पुढच्या कामाच्या फलकावर तिचेच नाव लागले.

ती पास झाली त्याच संध्याकाळी दादाचा निरोप आला होता. तिने तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "अभिनंदन! बघ, झालीस ना पास? उगाच चिडली होतीस."

तिने उत्तर लिहिले, "उगाच नाही." आणि फोन बाजूला ठेवला.

मित्रांनो, हे मला तुमच्या मनावर ठसवायचे आहे. तिचे चांगले झाले म्हणून त्याचे वागणे चांगले ठरत नाही. ती पास झाली ती त्याने केलेली नासाडी अंगावर घेऊन. मी आता कुणाच्याच कामाचा उरलो नाही, माझी पाने निळ्या गोलांनी भरली आहेत. माझे जाऊ द्या. पण उद्या तुमच्या बहिणीच्या, आईच्या, मित्राच्या टेबलावर एखादे कोरे पान दिसले, तर ते रिकामे पडले आहे असे समजू नका. हात मागे घ्या, आणि ते कुणी कशासाठी राखून ठेवले आहे, एवढे तरी आधी विचारा.