झाकलेली भिंत

रत्नमालानं दातांत धरलेला खिळा काढला, स्टुलावर टाचा उंचावल्या आणि चादरीचं शेवटचं टोक भिंतीला ठोकलं. अख्ख्या भिंतीला दोन पांढऱ्या चादरी लागल्या. तरीही खाली वीतभर काळं दिसतच होतं, म्हणून तिनं टेबल ओढून पुढे आणलं.

ती भिंत तिच्या लेकीनं, तृप्तीनं, मागच्या उन्हाळ्यात रंगवली होती. चिखल्याच्या खाण-वसाहतीत साऱ्या क्वार्टरांना आतून एकच पिवळट चुना, आणि या घराची एक भिंत मात्र शाळेच्या फळ्यासारखी काळी. बरं, लोकांनी नावं ठेवली तर पोरीनं गप्प बसावं की नाही? ती तुमसरला एका ठेकेदाराकडे घरांचे नकाशे काढायची, आणि काळ्या रंगापुढे माणसाचा चेहरा कसा उठून दिसतो हे समोरच्याला पटेपर्यंत सांगायची. पटायचं कुणालाच नाही. हातातला चांगला टच फोन देऊन टाकून तिनं बटणांचा फोन घेतला होता. गाणी म्हणाल तर त्यांत ना शब्द, ना ठेका; एकच सूर घुमत राहायचा. शेजारच्या गोदावरीबाईंनी एकदा भिंतीपलीकडून विचारलं होतं, मिक्सर बंद करायला विसरलात का म्हणून.

रत्नमालाला या सगळ्याचा राग नव्हता. तिला भीती वाटायची. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांना तृप्तीनं आपली गाणी ऐकवली, दुसऱ्यांना भिंत समजावून सांगितली. दुसऱ्यांमधली एक मावशी दारात चपला घालताना म्हणाली होती, पोरीच्या डोक्याचं काही नाही ना? लग्न जमणार नाही याची रत्नमालाला एवढी धास्ती नव्हती. लग्न जमेल, परक्या घरात ही एकटी पडेल, रोज कुणी ना कुणी तिला वेडी ठरवेल आणि आपण इथे पोळ्या लाटत असू, या विचारानं तिची झोप उडायची.

सकाळीच तिनं तृप्तीला समोर बसवून बजावलं होतं. गाणी विचारली तर सगळी आवडतात म्हणायचं. फोन आतल्या खोलीत ठेवायचा. भिंतीचं मी पाहते.

"खोटं बोलू का मंग?" तृप्तीनं विचारलं होतं.

"खोटं नोको बोलू. कमी बोल."

तृप्ती उठून गेली होती. चादर ठोकताना ती मदतीला आली नाही, पण आडवीही आली नाही.

चादरीनं भिंत झाकली खरी, पण नुसती चादर ओकीबोकी दिसत होती. मग रत्नमालानं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर मधोमध मांडली, फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. तिच्या नवऱ्याला, खुशालला, खाणीतल्या पहिल्या पाळीतून सुटी मिळाली नव्हती. पाहुण्यांना मुलीचा बाप निदान फोटोत तरी दिसावा म्हणून सुरक्षा सप्ताहात बक्षीस घेतानाचा त्याचा फोटो तिनं तिथेच टेकवून ठेवला. त्याच्यापुढे जागा मोकळी राहिली होती, तिथे झेंडूची दोन फुलं ठेवली. आता कसं घर दिसतं, असं मनाशी म्हणून ती पोहे भिजवायला गेली.

पाहुणे लाखांदूरहून बस बदलत बदलत आले. मुलगा अश्विन पंचायत समितीत नोकरीला होता. बरोबर त्याची आई विमलाबाई आणि काका ईश्वर. दारात जय भीम झालं. विमलाबाईंनी हसतच आत पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, टेबलापुढे जाऊन वंदन केलं, क्षणभर खुशालच्या फोटोकडे पाहिलं आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पाण्याला कुणी हात लावला नाही. पोहे तसेच राहिले. रत्नमालानं प्रवासाचं विचारलं, तर काका हळू आवाजात ठीक झाला म्हणाले. तृप्ती चहा घेऊन आली, मान खाली घालून बसली. तिला ना शिक्षण विचारलं, ना स्वयंपाक. मुलगी पाहायला आलेली माणसं मुलीकडे पाहतच नव्हती. बसस्टँडवरच कुणीतरी यांचे कान भरले, रत्नमालाच्या मनात आलं. तिनं पदराच्या टोकाला पीळ घालायला सुरुवात केली.

विमलाबाई उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आमाले कोनं सांगतलंच नाही, बाई. कधी झालं?"

"काय?" रत्नमालानं विचारलं.

"मालकाचं."

वसाहतीत वाईट बातमी कशी येते हे तिला ठाऊक होतं. ती आधी सगळीकडे फिरते आणि जिची असते तिच्याकडे शेवटी पोचते. घेऊन येणारी बाई तोंड उघडण्याआधी हात धरते. गोदावरीबाईंना भावाच्या अपघाताचं असंच कळलं होतं. आणि हे लोक आत्ताच खाणीच्या फाटकावरून आले होते. म्हणून टोपी काढली. म्हणून पाणी घेतलं नाही. सकाळी खुशाल डबा घेऊन निघाला तेव्हा चादरींच्या नादात तिनं त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

तृप्तीनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे: फोटो, फुलं, मेणबत्त्या आणि मागे पांढरंशुभ्र कापड. ती उठली. तिनं मेणबत्त्या बाजूला सारल्या, वडिलांचा फोटो उचलून घेतला आणि दुसऱ्या हातानं दोन्ही चादरी खाली ओढल्या. खिळे फरशीवर पडले.

"बाबा ड्युटीवर आहेत," ती म्हणाली. "कोनी गेलं नाही. भिंत झाकाले लावली होती चादर."

विमलाबाई ओशाळल्या. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, ते कापड आणि फोटो पाहून तसं वाटलं, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. रत्नमालाच्या एका हातात पदराचा पीळ अजून घट्ट होता. दुसरा हात विमलाबाईंनी सोडला नव्हता. काकांनी टोपी घातली, भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि असा रंग कोणी दिला ते विचारलं.

तृप्तीनं आईच्या हातातल्या त्या पिळाकडे पाहिलं.

"पहिले इथं राहत होते त्या लोकायनं," ती म्हणाली. "मले नाही आवडत. चुना मारनार आहो आता."

अगदी सकाळी शिकवल्यासारखं बोलली, कमी आणि गोड. दोन स्थळांपुढे जी पोर एक शब्द मागे घेत नव्हती ती एका दमात सगळं सोडून मोकळी झाली. असं झालं की आपला जीव भांड्यात पडेल, असं रत्नमालाला इतके दिवस वाटत होतं. पण लेकीचा तो शहाणा, पडेल आवाज तिला ऐकवेना. परक्या घरातली तृप्ती तिला आत्ताच समोर बसलेली दिसली.

"खोटं बोलून राहिली ते," रत्नमाला म्हणाली. "हिनंच रंगवली. हिलेच आवडते. मले भेव लागलं म्हणून मी झाकली."

तिनं भिंतीकडे बोट केलं.

"सांजच्याला दिवा लावला का हिच्या बापाचं तोंड मस्त दिसते तिच्यापुढं. मी कधी म्हटलं नाही हिले."

तृप्तीनं मान वर केली.

अशा बैठकीत विचारायचं ते मुलाकडच्यांनी, मुलीच्या आईनं फक्त वाढायचं, हा रिवाज रत्नमालाला माहीत नव्हता थोडाच. तरी तिनं विमलाबाईंकडे वळून विचारलं.

"तुमच्या घरी हिले भिंत झाकाव लागन का?"

काका खाकरले. अश्विननं आईकडे पाहिलं. विमलाबाईंनी त्या काळ्या भिंतीकडे पाहिलं.

"लगन होऊन आली तवापासून त्याच घरी आहो," त्या म्हणाल्या. "एक भिंत मले इचारून रंगवली नाही, बाई."

तुमसरची बस निघून जाईल, असं म्हणत काका उठले. अश्विनही अर्धवट उठला. विमलाबाई उठल्या नाहीत.