महाराणीचा नंबर

थोरल्या जावेला सगळी गल्ली 'महाराणी' म्हणायची, अर्थात पाठीमागे. रस्त्यात समोरून कोणी हसलं, हात केला, तरी ही मान ताठ ठेवून सरळ निघून जायची. धाकटी जाऊ लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिलाही बाजारात हा अनुभव आला. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं.

महाराणी शिवणकाम करायची. तिची काजं बघून दुकानदार खूश व्हायचे. एका झटक्यात सुई ओवणारीचे डोळे कमजोर असतील, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

धाकटी डोळे तपासायचं शिकून आलेली. चष्म्याचा नंबर काढायला शहर गाठावं लागायचं, म्हणून लोक जातच नसत. धाकटीने गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरांच्या पाठीस लागून तिथली अडगळीची खोली मिळवली, रंगवली, अक्षरांचा तक्ता टांगला. खोली आखूड पडली, म्हणून समोर आरसा लावला. त्यात तक्त्यावरची उलटी छापलेली अक्षरं सुलट आणि दुप्पट अंतरावर दिसत. आता खिडकीला जाड पडदा तेवढा हवा होता. नाइलाजाने तिने जावेला बोलावलं.

महाराणी टेप घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "दोन्ही खिडक्यांना एकच कापड ना?"

"दोन्ही?"

"ही एक, आणि ती समोरची."

"ताई, तो आरसा आहे."

"काहीतरीच!" महाराणी तरातरा पुढे गेली आणि नाक टेकेल इतक्या जवळ गेल्यावर थबकली. "अगंबाई!"

धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने जावेला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "आरशात तक्ता दिसतोय? वाचा बरं."

"कसला तक्ता?"

धाकटीने तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक डोळा झाकून भिंगं बदलायला सुरुवात केली. "आता? आणि आता?" उणे तीन, उणे पाच. वरची मोठी अक्षरं उमटली, मग मधली. उणे सातला महाराणी ओरडलीच, "थांब! आता हात लावू नकोस!"

शेवटची बारीक ओळ तिने घडाघडा वाचली. मग उठली आणि फ्रेमसकट थेट दाराबाहेर.

"ताई, माझ्याकडे एवढी एकच फ्रेम आहे!" म्हणत धाकटी मागे धावली.

महाराणी पायरीवर उभी होती. रस्त्यापलीकडून पाववाल्याची बायको तिच्याकडे बघत होती.

"ती हसतेय. मला बघून!"

"पूर्वी रोज हसायची. मग कंटाळली. आज फ्रेमला हसतेय."

महाराणी हळूच म्हणाली, "तूही कधी हसली होतीस का गं?"

"बाजारात. नवी होते तेव्हा."

"मला काय माहीत! मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच दिसतं." तिने धाकटीचा हात गच्च दाबला, डोळे पुसायला गेली तर बोटं भिंगावर आपटली, आणि दोघी खो खो हसत सुटल्या.

महाराणी तशीच रस्त्यावर उतरली. "काय वहिनी, बरं आहे ना? अहो मास्तर, केव्हा पिकले केस?" नाकावर ते लोखंडी यंत्र आणि तोंडाचा पट्टा सुरू! लोक आधी गांगरले, मग भोवती जमले. मास्तर म्हणाले, "मलाही हल्ली फळ्यावरचं पुसट दिसतं. बघता का?" पाववाल्याची बायको सासूला घेऊन आली. सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. धाकटीने तिला आत बसवलं आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी फोन लावला.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"डोळ्यांचा दवाखाना सुरू झालाय," धाकटी धापा टाकत म्हणाली. "अजून बाकं लागतील, डॉक्टर. आणि ताई, ती फ्रेम द्या आता. तुमचा चष्मा आजच बनवायला सांगते."

महाराणीने कुरकुरत फ्रेम उतरवली. मग खिडकीशी जाऊन, टेप डोळ्यांजवळ धरून पडद्याचं माप घेत ओरडली, "पुढे कोण? दारात गर्दी करू नका!"