सटवाईच्या माथी खापर

चितेगावच्या मनकर्णाबाईंच्या घरात धुसफूस चालली होती. सून गिरजा हिला पाचवा महिना लागला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नर्सबाई दोनदा दारी आल्या आणि दोन्ही वेळा मनकर्णाबाईंनी त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. मुलगा बद्रीनाथ कंपनीत कामाला. त्याला इंजेक्शन पटत होतं, पण आईपुढं बोलायची त्याची टाप नव्हती.

पोटुशीला सुई टोचली की गर्भाला बाधतं, असं मनकर्णाबाईंचं ठाम मत. शिवाय लेकराचं जे व्हायचं ते पाचवीच्या रात्री सटवाई कपाळी लिहून जाते. तिथं नर्सबाईचं काय चालणार?

हे त्यांनी भोगलेलं होतं. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर दुसऱ्या साली त्यांचं पहिलं लेकरू पाचवी पुजल्यावर दूध ओढेना झालं, ताठ पडलं आणि गेलं. "हिचं दूधच नासकं," असं म्हणत सासूनं त्यांना उभा जन्म टोचून खाल्लं. सटवाईवर भार टाकला, तेव्हा कुठं त्यांना जगता आलं.

गिरजाचं इंजेक्शन असं अडलेलं असतानाच शेजारच्या वच्छलाबाईंची लेक माहेरी बाळंत झाली. नाळ घरच्याच विळ्यानं कापली. आठवडाभरात लेकराचा जबडा मिटला. भांडं वाजलं तरी अंग धनुष्यासारखं वाकायचं. मनकर्णाबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. हे त्यांनी आधी पाहिलं होतं!

जीप करून सगळे शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर भानुमतीबाईंनी शर्थ केली, पण लेकरू वाचलं नाही. मनकर्णाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन बसल्या, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"बाई, सटवाईनंच नेलं ना लेकरू?"

"नाही मावशी, हा धनुर्वात. मळक्या विळ्यानं नाळ कापली की त्याचे जंतू बाळाच्या अंगात शिरतात. आईनं दिवसांत असताना इंजेक्शन घेतलं असतं, तर तिच्या रक्तातून बाळाला ताकद मिळाली असती."

"मंग... आईच्या दुधात काय दोष नसतो?"

"कसला दोष? जबडाच मिटल्यावर लेकरू दूध ओढणार कसं?"

मनकर्णाबाईंच्या जन्माचा कलंक पुसला गेला खरा. पण आपलं लेकरू वाचण्याजोगं होतं, हेही त्याच घटकेला कळलं. पदराचा बोळा तोंडात धरून त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, सुईनं पोटातल्याला काय व्हत नाय ना? आईचा दंड दुखेल, थोडी कणकण येईल, बाळाला त्रास नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गिरजाला घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या. महिन्यानं दुसरं इंजेक्शनही झालं. बाळंतपण दवाखान्यात झालं आणि मुलगी ठणठणीत घरी आली. पाचवीही रीतीप्रमाणं पुजली.

पुढं वच्छलाबाईंच्या लेकीला पुन्हा दिवस गेले. सिल्लोडला तिची सासू इंजेक्शनला अडून बसल्याचं कळताच मनकर्णाबाईंनी एस.टी. पकडली. आजवर कुणाला न सांगितलेली आपल्या लेकराची गोष्ट त्यांनी त्या घरात पहिल्यांदा सांगितली. शेवटी म्हणाल्या,

"म्या नशिबाला बोल लावला. तुमी लावू नका."

सासूनं सुनेला इंजेक्शन घ्यायला त्यांच्यासोबत पाठवलं.

बंधुभगिनींनो, देवाधर्माला कुणाची ना नाही. पण आपल्या हातात असलेला उपाय सोडून दैवावर हवाला ठेवणं ही श्रद्धा नव्हे. आपल्या घरात कुणी गरोदर असेल, तर तिला वेळेवर लस द्या. एका सुईनं दोन जीव राखले जातात!