धुराडं डावीकडे होतं

यामिला सोराइरेनं साखर कारखान्याचं ते चित्र गावाच्या फेसबुक ग्रुपवर टाकलं एका रविवारी, आईकडे एम्पानादा, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, हाणून सुस्तावली असताना. चित्र काही फार मनावर घेऊन काढलेलं नव्हतं. तुकुमान शहरातल्या विद्यापीठात ती डॉक्टरेट करत होती. लिंबाच्या मुळांशी राहणारे काही जीवाणू झाडाला कुजण्यापासून वाचवतात, ते कसे, हा तिचा विषय. जीवाणू आपल्या लहरीनं वाढतात. काचेच्या बशीत पेरले की माणसानं वाट बघत बसायचं. अशाच वाट बघण्याच्या दिवसांत तिनं एक वापरलेला टॅब्लेट घेतला आणि पडद्यावर पेननं रेघोट्या मारायला लागली. ना कुठला क्लास, ना कुणी शिकवणारं. आधी बशा काढल्या, मग प्रयोगशाळेची खिडकी, मग आपल्या गावचा, सान ओनोफ्रेचा, कारखाना.

तो तर तिच्या जन्माआधीच बंद पडला होता. आता उरली होती वजनकाट्याची एक भिंत आणि धुराड्याचा बुंधा, तोही झुडपांत गुरफटलेला. बाकीचं तिनं मनानंच रचलं.

सोमवारी सकाळी चित्राखाली एक ओळ आली. नातीच्या फोनवरून लिहिलेली होती, पण खाली नाव ठणठणीत होतं: “सगळं चूक. धुराडं डावीकडे होतं. — एलोय हुआरेस, पॅनमन, बारा हंगाम.”

यामिलाला आधी हसू आलं, मग राग आला. पण पुढच्या रविवारी ती टॅब्लेट पिशवीत घालून गावच्या क्लबात गेलीच.

डॉन एलोय पत्ते खेळत बसले होते; गावात वडीलधाऱ्या पुरुषाला डॉन म्हणायचं, बाईला दोन्या. शहात्तर वर्षांचे, खुर्चीतून ओसंडणारे, एके काळी पॅनच्या कढईत रस आटवून साखर पाडणारे. त्यांनी मान वर केली.

“धुराडं उचलून उजवीकडे नेलं, ती तूच का?”

“मीच.”

“कारखाना मोडणाऱ्यांनी छप्पर नेलं, यंत्रं नेली, दारांच्या कड्यासुद्धा सोडल्या नाहीत. पण धुराडं होतं तिथंच ठेवलं त्यांनी. तू तेवढंही सोडलं नाहीस, पोरी.”

टेबलाभोवतीचे सगळे म्हातारे खो खो हसले. यामिलानं टॅब्लेट त्यांच्यापुढे ठेवला. चित्र तिनं थराथरांनी काढलेलं होतं. धुराड्याचा थर वेगळा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि अख्खं धुराडं डावीकडे सरकवलं.

डॉन एलोयच्या हातातले पत्ते तसेच राहिले. “आणखी,” ते म्हणाले.

“इथे?”

“आणखी थोडं. बॉयलरच्या मागे घे. हं... हं, थांब. तिथंच.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “गव्हाणही चुकलीय. उसाच्या मोळ्या काय दारातून आत जायच्या? पाहुण्या होत्या काय त्या?”

दोन वर्षांपूर्वी कुणी एक संशोधक टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, तेव्हा हेच म्हातारे म्हणाले होते, आता कुठलं आठवतंय बाबा. पण डोळ्यांसमोर चुकीचं चित्र त्यांना सहन होईना. कुणी खुर्ची ओढली, कुणी चष्मा मागवला. दोन्या फेलिसा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. सात वर्षांच्या असताना त्या बापाचा डबा घेऊन रोज कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहायच्या.

“फाटक हिरवं होतं,” त्या म्हणाल्या.

“करडं,” डॉन एलोय म्हणाले.

“हिरवं! मी रोज तासभर त्याच्याकडे बघत उभी असायचे. तू फाटकातून बाहेर पडायचास ते पोरींकडे बघत. तुला काय दिसणार रंग?”

फाटक हिरवं झालं.

तेव्हापासून यामिलाचा नेमच झाला. सकाळी पाचला उठायचं, मातेचा कडू चहा करायचा, साडेसहापर्यंत चित्र काढायचं आणि सातच्या बसनं प्रयोगशाळा गाठायची. महिन्यातून दोन रविवार क्लबात जायचं आणि शिव्या खाऊन यायचं. चिपाडाचा ढीग खोटा दिसतो. वाफ अशी सरळ जात नाही. उसाच्या गाडीला बैल नव्हे, खेचरं. ती थरावर थर चढवत गेली. हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. तिला फक्त एवढंच कळत होतं, की त्या दीड तासात ती कुणाची विद्यार्थिनी नसते.

तिसऱ्या वर्षी शहरातल्या वर्तमानपत्रानं ते चित्र छापलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मार्गदर्शक डॉक्टर एचार्ट यांनी तो अंक तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

“प्रबंधाचं चौथं प्रकरण इथे गेलं होय?”

“मॅडम, चौथं प्रकरण बुरशीनं खाल्लं. चाळीसच्या चाळीस बशा गेल्या. तुम्हीच बघितल्यात.”

“बशा मार्चमध्ये गेल्या. आता जुलै आहे. चित्र मात्र वेळेवर तयार आहे.”

यामिलानं अंकाची घडी घातली.

“सप्टेंबरअखेर प्रकरण माझ्या हातात हवं,” डॉक्टर एचार्ट म्हणाल्या. “नाही आलं, तर शिष्यवृत्ती वाढवायच्या अर्जावर मी सही करणार नाही. मला तुझा राग आलेला नाही, यामिला. पण दोन होड्यांत पाय ठेवून पडलेली माणसं मी फार पाहिलीत.”

त्या दिवशी घरी येऊन तिनं टॅब्लेट कपाटात कपड्यांखाली ठेवला. अकरा दिवस बाहेर काढला नाही. तरी पाचला जाग यायचीच, आणि ती छताकडे बघत पडून राहायची. कामात तिचं लक्ष लागेना. एके दिवशी बशांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, आणि दोन दिवसांचं काम तिला स्वतःच्या हातानं फेकावं लागलं. बाराव्या दिवशी तिला स्वतःचाच संताप आला. सोडायचंच असेल तर हेच कशाला? तिनं टॅब्लेट काढला आणि बॉयलरवरची वाफ पुन्हा रंगवायला घेतली. सातच्या बसला ती शीळ घालत चढली.

सोडलं ते दुसरंच. मालिका सोडल्या, मावसबहिणीच्या लग्नाला गेली नाही, फोनवरचे सतरा ग्रुप बंद केले. चाळीस बशा पहिल्यापासून पेरल्या. बशा ज्या बंद कपाटात पेरायच्या, त्याच्या हवा गाळणाऱ्या जाळीतून बुरशी येत होती. ती जाळी तिनं स्वतः उतरवून धुतली, पुन्हा बसवली आणि पुन्हा पेरलं. सकाळचा दीड तास मात्र तिनं कुणाला दिला नाही. अठ्ठावीस सप्टेंबरला चौथं प्रकरण डॉक्टर एचार्ट यांच्या हातात होतं. त्यांनी आठवडाभर वाचलं.

“चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. “पाचवं?”

नोव्हेंबरात क्लबाचा वर्धापनदिन आला. रस्त्यावरचे जाहिरातींचे फलक छापणाऱ्याकडून यामिलानं चित्र सहा मीटर लांब छापून आणलं आणि क्लबाच्या भिंतीला बांधलं. कापड बाजूला झालं आणि बडबड थांबली. वजनकाट्यापासून साखरेच्या गोदामापर्यंत सगळा कारखाना चालू होता, ऐन गळीत हंगामात, आणि माणसं त्यात होती. कुणी बापाला शोधत होतं, कुणी स्वतःला. दोन्या फेलिसांना हिरव्या फाटकाशी डबा धरून उभी असलेली पोर सापडली आणि त्या तिथेच खुर्ची मागून बसल्या.

डॉन एलोय हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. सगळा क्लब त्यांच्याकडे बघत होता.

“एक चूक आहे,” ते शेवटी म्हणाले.

यामिलानं पिशवीतून टॅब्लेट बाहेर काढला.

“पॅनपाशी उभा आहे तो मीच ना? मी इतका जाड कधीच नव्हतो.”

“राहू दे तसाच!” दोन्या फेलिसा ओरडल्या. “बारीक केलंस तर ओळखणार कोण?”

क्लब हसण्यानं दणाणून गेला. डॉन एलोयनी यामिलाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावर आवाज करून मुका घेतला.

मार्चमध्ये तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा ठरली. परीक्षा सर्वांना खुली असते, पण यामिलानं गावात कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना सभागृहाचं दार उघडलं आणि इस्त्रीचे शर्ट घातलेली चौदा म्हातारी माणसं रांगेनं आत येऊन मागच्या बाकांवर बसली.

डॉक्टर एचार्ट वाकून कुजबुजल्या, “ही मंडळी कोण?”

“कारखाना आहे, मॅडम,” यामिला म्हणाली.

ती पन्नास मिनिटं बोलली. सुरुवातीला कागदावरून वाचत होती. मग मुळांची, जीवाणूंची चित्रं पडद्यावर येऊ लागली तशी तीही सावरली. परीक्षकांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले. ब्राझीलहून आलेल्या परीक्षकानं बुरशीवरून तिला तिसऱ्यांदा खोदलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “त्या बुरशीबरोबर मी सहा महिने काढलेत, घरच्या माणसासारखी ओळखते तिला,” आणि तीन पुरावे मांडले. त्यानं वही मिटली. मागच्या बाकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कोण जिंकतंय ते बरोबर कळत होतं.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही? डॉन एलोय उभे राहिले.

“माझ्या परसात लिंबू आहे. तीन वर्षं झाली, पानं पिवळी पडतात. तुमचे हे प्राणी त्याला उपयोगी पडतील का?”

सभागृहात खसखस पिकली. यामिला हसली नाही.

“पाणी कुठे घालता, डॉन एलोय?”

“बुंध्यातच. कुठे घालू मग?”

“तेच बंद करा. बुंध्याभोवतीची माती उकरून बुंधा मोकळा करा आणि पाणी हातभर लांब द्या. मुळाजवळची मूठभर माती मला आणून द्या. आधी बघते, मगच सांगते. न बघता हो म्हणाले तर या लोकांनी मला पास करू नये.”

“माती आणतो,” डॉन एलोय म्हणाले आणि समाधानानं खाली बसले.

दहापैकी दहा मिळाले, तेही एकमतानं. डॉक्टर एचार्ट यांनी कागद दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला होता.

अंगणात मित्र, तिथल्या रीतीप्रमाणे, नव्या डॉक्टरवर फेकायला अंडी आणि पीठ घेऊन टपूनच होते. यामिला पळाली नाही. अंडी फुटली, पिठाचा ढग उडाला, आणि त्या ढगातून डॉन एलोय पाच लिटरचा डबा घेऊन पुढे आले.

“हे लेकरांचे खेळ झाले,” ते म्हणाले. “बाजूला व्हा.”

डब्यात काकवी होती, काळी, दाट, उसाच्या वासाची. त्यांनी तो डबा अख्खाच्या अख्खा तिच्या डोक्यावर उपडा केला. काकवी कानांवरून, मानेवरून, नव्या पांढऱ्या शर्टावरून ओघळत खाली आली. यामिला दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि इतकी हसली की तिचा श्वास अडकला. डॉक्टर एचार्ट अभिनंदनाला जवळ आल्या आणि त्यांच्या बाहीवर हातभर ओघळ आला. त्यांनी तो बोटानं निपटला, चाटला.

“ही कुठे मिळते?”

“घरी करतो आम्ही,” दोन्या फेलिसा म्हणाल्या. “रविवारी या. हिला घेऊन या. डॉक्टरला.”

म्हाताऱ्यांना गावाहून घेऊन आलेल्या मिनीबसचा ड्रायव्हर दारात आडवा झाला. या अवतारात बसायला द्यायचं नाही, सीट परवाच धुतल्यात, म्हणाला. म्हाताऱ्यांनी त्याला ढकलून पुढच्या सीटवर वर्तमानपत्रं पसरली आणि यामिलाला हात धरून त्यावर बसवलं. शहर संपलं, दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा लागल्या, तशी मागच्या बाकांवर गाणी सुरू झाली. माशा खिडकीतून आत येत होत्या आणि पिठानं पांढरी, काकवीनं काळी झालेली डॉक्टर यामिला सोराइरे सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात होती.